एक वॅग्नर चिकटवलेला, एक कातरलेला

होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं १९०९ साली छापलेलं एक सिगारेट कार्ड आहे. आज त्याच्या जेमतेम पन्नास-साठ प्रती माहीत आहेत. त्यांतल्या दोन प्रतींची ही हकिकत. पहिली प्रत कारखान्यात काम करणाऱ्या जेफरसन बर्डिक यांच्या संग्रहात होती. अख्ख्या संग्रहासकट ती त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला फुकट दिली. दुसरी १९८५ साली २५ हजार डॉलरला विकली गेली, मग तिच्या कडा कापल्या गेल्या, आणि बावीस वर्षांत तिचा भाव २८ लाख डॉलरवर पोचला.

या कार्डावर लिहिणारे बहुतेक जण दुसऱ्या प्रतीपासून सुरुवात करतात, कारण तिच्यात पैसा आहे आणि गुन्हाही. मला मात्र बर्डिक यांच्यापासून सुरुवात केल्याशिवाय दुसऱ्या प्रतीचं काहीच उलगडत नाही. ज्या बाजारात पुढे हे सगळं घडलं, त्याचा पाया त्यांनी घातला. बाजार मांडायचा त्यांचा विचारही नसताना.

पाकिटातला पुठ्ठा

अमेरिकेत १८८०च्या दशकात सिगारेटी मऊ कागदी पाकिटात यायच्या. खिशात चेंगरू नयेत म्हणून आत एक पुठ्ठ्याचा तुकडा घालत. तो कोरा कशाला ठेवायचा, म्हणून त्यावर चित्रं छापायला लागले. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ साली काढलेल्या मालिकेत मुष्टियोद्धे, नेमबाज, बिलियर्डपटू यांच्यासोबत दहा बेसबॉलपटू होते. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने ‘ओल्ड जज’ सिगारेटबरोबर तर शेकडो खेळाडूंचे फोटो वाटले. मग १८९० साली जेम्स ड्यूक याने बड्या तंबाखू कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. स्पर्धाच संपल्यावर गिऱ्हाइकाला चित्राचं आमिष दाखवायची गरज उरली नाही, आणि कार्डं जवळजवळ बंद पडली.

ती पुन्हा जोरात आली १९०९ साली. त्याच कंपनीने १९११पर्यंत पिडमाँट, स्वीट कॅपोरल, ओल्ड मिल, सॉव्हरिन अशा सोळा छापांच्या तंबाखूबरोबर सव्वापाचशेच्या आसपास चित्रं काढली. कार्ड रुंदीला दीड इंचाहून किंचित कमी, उंचीला अडीच इंचाहून थोडं जास्त. वॅग्नरच्या कार्डावर चित्राची पार्श्वभूमी नारिंगी आहे, केसांत मधोमध भांग आहे, छातीवर संघाचं नाव आणि खाली ‘वॅग्नर, पिट्सबर्ग’. त्या पिट्सबर्गच्या इंग्रजी स्पेलिंगात शेवटचा ‘एच’ नाही. छपाईची चूक वाटते, पण ती चूक नव्हे. १८९१ ते १९११ या काळात सरकारी स्पेलिंगच तसं होतं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, पुढे ती लागणार आहे. या कार्डांवर क्रमांक नव्हते. पाठीमागे फक्त ‘१५० चित्रं’, ‘३५० चित्रं’ अशी जाहिरात असायची. नावांची यादी कुठेच नव्हती. तंबाखूच्या दुकानाबाहेर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे कार्ड मागणाऱ्या पोराला आपल्याकडे काय आहे ते कळत होतं. काय नाही, ते कळायचा मार्ग नव्हता.

वॅग्नर नको म्हणाला

वॅग्नर त्या वेळी पिट्सबर्ग पायरेट्सचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळणारा क्षेत्ररक्षक होता, आणि नॅशनल लीगमधला सर्वांत भरवशाचा फलंदाज. लीगच्या फलंदाजीच्या सरासरीत तो आठ वेळा पहिला आला. १९०९ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, पायरेट्सने टाय कॉबच्या डेट्रॉइटविरुद्ध जिंकली ती याच्याच जोरावर. अशा माणसाचं कार्ड ढिगाने निघायला हवं होतं. थोडी कार्डं निघाली आणि छपाई थांबली.

का थांबली, याची सर्वांत जुनी नोंद १९१२ साली ‘द स्पोर्टिंग न्यूज’मध्ये आलेली आहे. वॅग्नरची परवानगी मिळवून दिली तर दहा डॉलर देऊ, असं तंबाखू कंपनीने पिट्सबर्गचा पत्रकार जॉन ग्रुबर याला सांगितलं होतं. वॅग्नरने उत्तर धाडलं: सिगारेटच्या पाकिटात आपलं चित्र नको. मात्र ग्रुबरचं नुकसान होऊ नये म्हणून त्याने सोबत स्वतःचा दहा डॉलरचा चेकही जोडला. ग्रुबरने तो वटवला नाही, फ्रेम करून ठेवला.

यावरून लोकांनी वॅग्नरला तंबाखूविरोधी संत करून टाकलं. तो स्वतः तंबाखू चघळायचा. १९४८ सालच्या लीफ कंपनीच्या कार्डावर त्याचं चित्र आहे तेच मुळी हातात तंबाखूची पुडी धरलेलं. लहान मुलांनी सिगारेटी विकत घेऊ नयेत असं त्याला खरंच वाटलं असेल, नाही असं नाही. पण मला दुसरी एक बाजूही महत्त्वाची वाटते. न्यूयॉर्क राज्यात १९०३ सालापासून कायदा होता की माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याचं चित्र जाहिरातीला वापरायचं नाही. कंपनी परवानगीच्या मागे लागली त्यामागे हा कायदा असावा, आणि वॅग्नरच्या ‘नको’ला वजन आलं तेही त्यामुळेच, असा माझा अंदाज आहे.

तर १९११पर्यंत परिस्थिती ही, की एक कार्ड अतिशय दुर्मिळ होतं आणि त्याच्या दुर्मिळपणाची बाजारात कुणालाच खबर नव्हती. पुढची पंचवीसएक वर्षं ती तशीच राहिली. टंचाई असली की भाव आपोआप चढतो असं आपण धरून चालतो. वॅग्नरच्या बाबतीत टंचाई होती, मागणी नव्हती.

याच्या उलट १९३३चं प्रकरण पाहा. बोस्टनच्या गाउडी कंपनीने च्युइंगगमबरोबर क्रमांक घातलेली कार्डं काढली आणि १०६ क्रमांकाचं कार्ड मुद्दाम वगळलं, म्हणजे पोरं ते शोधत गम घेत राहतील. क्रमांक होते म्हणून भोक लगेच दिसलं. लोकांनी कंपनीला तक्रारीची पत्रं लिहिली, आणि १९३४ साली नॅप लाजवे याचं कार्ड त्या क्रमांकाने छापून तक्रार करणाऱ्यांना टपालाने पाठवावं लागलं. आपल्याकडे ‘बिग फन’च्या गममधली धावांची आणि विकेटची चित्रं ज्यांनी जमवली आहेत, त्यांना ही युक्ती वेगळी समजावायला नको.

सिराक्यूजचा कामगार

जेफरसन बर्डिक यांचा जन्म १९०० सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल स्क्वेअर गावचा. सिराक्यूजमध्ये क्राउस-हाइंड्स या विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात ते जोडणीचं काम करायचे. लग्न केलं नाही. संधिवाताने हळूहळू सांधे आखडत गेले, बोटंसुद्धा. बेसबॉलचं त्यांना वेड नव्हतं. त्यांना छापील कागदाचं वेड होतं: सिगारेट कार्डं, दुकानांची जाहिरातकार्डं, पोस्टकार्डं, व्हॅलेंटाइन, सिगारवरच्या कागदी पट्ट्या.

त्यांनी १९३७ साली ‘कार्ड कलेक्टर्स बुलेटिन’ हे छोटं पत्रक सुरू केलं. देशभरात विखुरलेल्या मूठभर संग्राहकांना एकमेकांचे पत्ते कळले ते त्यातून. कुणाकडे कुठली कार्डं डबल आहेत, कुणाला काय हवंय, हे त्यात यायचं. व्यवहार टपालाने, बहुतेक अदलाबदलीचे. १९४९ साली हे पत्रक चार्ल्स ब्रे यांनी चालवायला घेतलं, आणि टपालाने बोली मागवून लिलाव करायची पद्धत त्यांच्या हाताखाली रुजली. दुकान नाही, गल्ला नाही, पाकिटात काही डॉलर घालून पाठवायचे आणि समोरच्याच्या शब्दावर भरवसा ठेवायचा. वेळ भरपूर आणि पैसे बेताचे अशा लोकांचा हा छंद होता.

बर्डिक यांचं खरं काम म्हणजे सूची. ती १९३९ साली पहिल्यांदा निघाली, १९४६ साली ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ या नावाने आली, आणि १९५३ व १९६० साली सुधारून पुन्हा छापली गेली. वर्गवारी अगदी साधी. एकोणिसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं ‘एन’, विसाव्या शतकातली ‘टी’, सुरुवातीच्या गोळ्या-मिठायांबरोबरची ‘ई’, पुढची गमची ‘आर’, पावाबरोबरची ‘डी’. प्रत्येक मालिकेला अक्षरापुढे एक क्रमांक. १९०९ सालच्या त्या मालिकेच्या वाट्याला आला टी-२०६. कंपनीने मालिकेला असं नाव कधी दिलंच नव्हतं. आज कोट्यवधी डॉलरच्या लिलावात जे नाव पुकारलं जातं, ते सिराक्यूजमधल्या एका भाड्याच्या खोलीत बसून ठरलेलं आहे.

सूचीत भावही होते. टी-२०६मधल्या साध्या कार्डांना काही सेंट, वॅग्नरला ५० डॉलर. हा आकडा इतर आकड्यांच्या शेजारी छापलेला पाहिला की नजर अडखळतेच. माझ्या समजुतीने वॅग्नरचं कार्ड दुर्मिळ झालं ते १९०९ साली, पण मौल्यवान झालं ते या पानावर. कंपनीने जी यादी कधी दिली नाही, ती संग्राहकांनी पत्रापत्रीने जुळवली. अमुक एक कार्ड जवळजवळ कुणाकडेच नाही, हे तेव्हा कुठे उघड झालं, आणि बर्डिक यांनी त्याला आकडा लावला. पुढच्या प्रत्येक व्यापाऱ्याला बोलणी सुरू करायला एक आकडा लागतो. तो त्यांनी आयता हातात दिला.

त्यांनी एक गोष्ट मात्र केली नाही. कार्डाची अवस्था कशी आहे यावर त्यांनी भावाची उतरंड रचली नाही. एका कार्डाला एक भाव. कोपरे झिजलेत, मध्ये घडी पडलीय, पाठीमागे डाग आहे, या गोष्टींशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. कार्ड आहे की नाही, चित्र दिसतंय की नाही, एवढंच. लायनेल कार्टर यांच्यासारखे काही संग्राहक तेव्हाही कोऱ्या करकरीत प्रतींसाठी हट्ट धरायचे, पण त्या काळात ती एकेकाची आवड होती, बाजाराचा नियम नव्हता.

अल्बमचं काम

मेट्रोपॉलिटन म्युझियमचे मुद्राचित्र विभागाचे प्रमुख ए. हायट मेयर यांच्याशी बोलून बर्डिक यांनी १९४७ सालापासून संग्रह टप्प्याटप्प्याने देणगी द्यायला सुरुवात केली. वस्तू तीन लाखांहून जास्त, त्यात बेसबॉलची कार्डं सुमारे ३० हजार. हे सगळं लावून, मांडून देण्याचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं. शेवटच्या वर्षांत ते न्यूयॉर्कलाच येऊन राहिले. विभागात त्यांना एक टेबल दिलेलं होतं. तिथे बसून, नीट न वळणाऱ्या बोटांनी ते एकेक कार्ड अल्बमच्या पानावर चिकटवत राहिले. रेम्ब्रांट आणि ड्यूररची चित्रं सांभाळणाऱ्या विभागात सिगारेटचे पुठ्ठे आणणारा हा माणूस तिथल्या काही लोकांना विक्षिप्त वाटला असणार. मेयर यांना तसं वाटलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

काम संपलं १० जानेवारी १९६३ रोजी. आता मी येणार नाही, असं सांगून बर्डिक निघाले. दुसऱ्या दिवशी इस्पितळात दाखल झाले, आणि १३ मार्चला वारले.

आजचा कुठलाही कार्डविक्रेता कार्डाला डिंक लावलेला पाहून कपाळावर हात मारेल. मागची बाजू खराब, म्हणजे भाव गेला. बर्डिक यांच्या लेखी भाव जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते कार्ड पुन्हा विकलं जाणारच नव्हतं. कार्ड हरवू नये, आपल्या मालिकेतल्या जागी बसावं आणि आलेल्या माणसाला पाहता यावं, यासाठी ते चिकटवत होते.

भाव अवस्थेचा झाला

यानंतरची पंधरा वर्षं भराभर सांगता येतात. टॉप्स या गम आणि कार्डं काढणाऱ्या कंपनीत काम करणारे वुडी गेल्मन ‘कार्ड कलेक्टर्स कंपनी’च्या नावाने टपालाने जुनी कार्डं विकायचे. विस्कॉन्सिनचे लॅरी फ्रिट्श यांनी १९७० साली हाच पूर्णवेळचा धंदा केला. हॉटेलांच्या हॉलमध्ये टेबलं मांडून मेळावे भरायला लागले. १९५० साली गमबरोबरची कार्डं जमवणारी मुलं आता कमावती झाली होती आणि आपलं बालपण रोख पैसे मोजून परत घ्यायला तयार होती. अदलाबदल मागे पडली. बिल मॅस्ट्रो नावाच्या एका तरुणाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वॅग्नरची एक प्रत १,५०० डॉलरला घेतली, तेव्हा जुन्या मंडळींना हा वेडेपणा वाटला.

निर्णायक बदल १९७९ साली झाला. जेम्स बेकेट हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी विक्रेत्यांकडून आणि संग्राहकांकडून चालू भाव मागवले, ते एकत्र केले आणि डेनिस एक्स यांच्याबरोबर किमतींची मार्गदर्शिका काढली. तिच्यात एकाच कार्डासमोर अवस्थेनुसार वेगवेगळे रकाने होते. काम प्रामाणिक होतं, आणि गरजेचंही. खेडेगावातल्या पोरालाही आता आपल्या कार्डाचा भाव कळत होता. पण बर्डिक यांच्या एका आकड्याचे तीन आकडे झाल्याबरोबर त्या आकड्यांमध्ये अंतर तयार झालं. वरच्या रकान्यात सरकलं की पैसे. कार्ड वर सरकवायचे मार्ग दोन: चांगली प्रत शोधायची, नाहीतर हातात असलेली ‘चांगली’ करायची.

हिक्सव्हिल, १९८५

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर हिक्सव्हिल गावातल्या एका कार्डांच्या दुकानात १९८५ साली वॅग्नरची एक प्रत आली. मागे पिडमाँटची जाहिरात. ती मॅस्ट्रोने २५ हजार डॉलरला घेतली. आता तो नवखा नव्हता, जाणता व्यापारी होता. १९८७ साली त्याने ती जिम कोपलँड या कॅलिफोर्नियातल्या क्रीडासाहित्याच्या व्यापाऱ्याला १ लाख १० हजार डॉलरला विकली. या दोन सौद्यांच्या मध्ये तिच्या कडा कापल्या गेल्या होत्या.

कडा कापून काय मिळतं, हे कार्ड हातात धरल्याशिवाय लक्षात येत नाही. जुन्या कार्डाचे कोपरे आधी मऊ होतात, मग गोल. पुठ्ठ्याचे थर सुटून पांढुरके तंतू दिसायला लागतात. चारी बाजूंची पांढरी पट्टी थोडी रुंद असेल तर बाजूने केसभर पट्टी उडवली की झिजलेला भाग जातो आणि खाली टोकदार, नवा कोपरा उरतो. ओळखायचं कसं? मापात घट दिसते. भिंगाखाली पाहिलं तर कारखान्यात कापलेली कड शंभर वर्षांची धूळ आणि हाताळणी घेऊन मळलेली असते, ताजी कड जास्त स्वच्छ आणि सरळ. पण टी-२०६ची कार्डं मुळातच सगळी एका मापाची कापलेली नाहीत. संशयाचा फायदा मिळतो तो इथेच.

सदबीज या लिलावघराच्या १९९१च्या लिलावात हे कार्ड आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. त्याच वर्षी पीएसए ही कार्डांना गुण देणारी कंपनी निघाली होती. कार्ड तपासायचं, एक ते दहामध्ये गुण द्यायचे आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करायचं. तिने गुण दिलेलं पहिलंच कार्ड हे वॅग्नर, गुण आठ. कापलेल्या कार्डाला गुण द्यायचे नाहीत, हा तिचाच नियम. नवी कंपनी, जगातलं सर्वांत गाजलेलं कार्ड आणि मालक ग्रेट्झकी. त्या खोलीत ‘नाही’ म्हणणं किती अवघड असेल, याची कल्पना करता येते. म्हणून ते माफ होत नाही.

पुढे हे कार्ड एका विक्री मोहिमेत वॉलमार्टमार्फत बक्षीस म्हणून ठेवलं गेलं. ते जिंकणाऱ्या फ्लोरिडातल्या टपाल कर्मचारी बाईंना बक्षिसावरचा कर परवडेना, म्हणून १९९६ साली ते क्रिस्टीज या लिलावघरात ६ लाख ४० हजार ५०० डॉलरला गेलं. ईबेवर २००० साली १२ लाख ६५ हजार, २००७च्या सुरुवातीला साडेतेवीस लाख, आणि त्याच वर्षी ॲरिझोना डायमंडबॅक्स या बेसबॉल संघाचे मालक केन केंड्रिक यांच्याकडे २८ लाख. कार्ड कापलेलं असल्याची कुजबुज धंद्यात वर्षानुवर्षं होती. डबी मात्र कुणी उघडली नाही. प्रत्येक मालकाच्या पैशाचं रक्षण त्या आठच्या आकड्यावर अवलंबून असताना कोण उघडणार?

शेवटी ते बाहेर आलं ते मॅस्ट्रोच्या तोंडून, आणि तेही दुसऱ्याच खटल्यात. तोवर त्याचं लिलावघर देशात मोठं झालं होतं. तिथे खोट्या बोली लावून भाव चढवल्याबद्दल शिकागोच्या संघीय न्यायालयात त्याच्यावर टपालाद्वारे फसवणुकीचा आरोप होता. १९३०च्या दशकापासून हा छंद ज्या टपालावर आणि शब्दावर चालला, त्याच टपालाचं कलम लागलं. ऑक्टोबर २०१३मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, आणि वॅग्नरच्या कडा आपणच कापल्या हेही. ऑगस्ट २०१५मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली.

बाजार यामुळे थांबला नाही. वॅग्नरची वेगळीच एक प्रत २०२१ साली ६६ लाख डॉलरला गेली. तिला मिळालेले गुण होते तीन. कोपरे झिजलेले, अंगावर सुरकुत्या, सगळं वय चेहऱ्यावर दिसतंय. आणखी एक प्रत २०२२ साली साडेबाहत्तर लाखांना गेली. काळ वेगळा, पैसा वेगळा, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना करू नये. पण घेणाऱ्यांनी गुणांपेक्षा कार्ड असण्याला जास्त किंमत दिली, एवढं त्यातून नक्की दिसतं.

बर्डिक यांच्या वॅग्नरला गुण नाहीत. त्याला म्युझियमचा दाखल क्रमांक आहे. तो ६३.३५० या आकड्यांनी सुरू होतो, आणि त्यातले ६३ म्हणजे संग्रह पुरा ताब्यात आला ते १९६३ साल.